गोठ्यापर्यंत पोहोचलेले शिक्षण : ‘बायफ’ची वाटचाल

मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधींनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार केंद्र सुरू केले. त्याची धुरा सुरत जिल्ह्यातून आलेल्या मणिभाई देसाई या तरुण कार्यकर्त्याने उचलली आणि पुढे सारे आयुष्य त्याच गावाला दिले. गोपालनातून ग्रामविकास साधण्याच्या त्यांच्या ध्यासातून २४ ऑगस्ट १९६७ रोजी ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’, म्हणजेच ‘बायफ’, स्थापन झाली.

गावठी गाईंच्या संकरीकरणाची योजना सुरुवातीला गोठ्यापाशीच अडे. गाय माजावर आली की साधारण १२ ते १८ तासांत कृत्रिम रेतन व्हावे लागते. दूरच्या दवाखान्यात ती चालवत नेईपर्यंत वेळ टळे, मग पुढच्या माजासाठी २१ दिवस थांबणे आले. म्हणून संस्थेने आपला माणूसच शेतकऱ्याच्या दारी पाठवायचे ठरवले. संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

त्यासाठी खेड्यातीलच मुले तयार करण्यात आली. माज ओळखणे, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधील रेतकांडी काढून कोमट पाण्यात वितळवणे, गर्भतपासणी करणे, प्रत्येक गाईची नोंद ठेवणे हे ती शिकली. शिकवणारे पशुवैद्य होते. आपली गाय विश्वासाने पुढे करणाऱ्या शेतकऱ्यांचा वाटाही तितकाच. फळ मात्र लवकर दिसत नसे. वासरू नऊ महिन्यांनी, आणि कालवड दुधाला यायला आणखी दोन-अडीच वर्षे. तोवर धीर धरणे सोपे नव्हते.

१९८२ मध्ये मणिभाईंना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. काम इतर राज्यांतही पसरत राहिले.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्य नसलेल्या, पण पशुसेवेचे प्रमाणपत्र असलेल्यांच्या कामाची चौकट आखली. राज्य शासनाच्या आदेशाने, नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली त्यांना लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी करता येते. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये गावोगावी कृत्रिम रेतन करणाऱ्या ‘मैत्री’ तंत्रज्ञांचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आले; त्यातील बराच काळ प्रत्यक्ष गावात जातो.

नोकरभरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या खेड्यातील मुलांनी या प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी.