जनसंपर्काचा पहिला वर्ग : १९२३ (थ्रेड)

न्यूयॉर्क विद्यापीठात १९२३ साली एडवर्ड बर्नेज यांनी ‘जनसंपर्क’ हा विषय शिकवायला घेतला. या विषयाचा विद्यापीठातला पहिला वर्ग म्हणून त्याचाच उल्लेख होतो. त्याच वर्षी त्यांचे ‘क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन’ हे पुस्तकही निघाले.

बर्नेज यांची स्वतःची पदवी मात्र शेतकीची, कॉर्नेल विद्यापीठाची! मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड हे त्यांचे मामा आणि आत्याचे यजमानही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारच्या प्रचार समितीत त्यांनी काम केले होते. युद्धासाठी लोकमत घडवता येते, तर शांततेतही ते घडवता येईल, हा धडा त्यांनी तिथून घेतला.

या व्यवसायाची मुळाक्षरे मात्र त्याआधीच गिरवली गेली होती. १९०६ साली आयव्ही ली या माजी पत्रकाराने वृत्तपत्रांना उद्देशून एक तत्त्वपत्रक काढले. आपले काम उघडपणे चालेल, आपण देऊ ती माहिती अचूक असेल, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. अपघात दडपणे ही त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची रीत. ली यांनी कंपनीचे निवेदन आपणहून वृत्तपत्रांच्या हाती दिले. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ म्हणून सामान्यतः याच निवेदनाचा दाखला देतात.

पण हेच ली पुढे १९१४ साली कोलोरॅडोत दिसतात. २० एप्रिलला लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर सशस्त्र दल चालून गेले. तंबूखालच्या एका खड्ड्यात आसरा घेतलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले आगीच्या धुरात गुदमरून मेली. खाणीचे मालक रॉकफेलर यांनी ली यांना नेमले. ली यांच्या पत्रकांत कामगार पुढाऱ्यांचे पगार फुगवून छापले गेले. चौकशी आयोगापुढे त्यांना कबूल करावे लागले की, खाणमालकांकडून आलेली माहिती आपण पडताळून पाहिली नव्हती. आठ वर्षांपूर्वीच्या तत्त्वपत्रकातली अचूकतेची हमी अशी कागदावरच राहिली.

बर्नेज यांचे पुस्तक ही गोष्ट वेगळ्या भाषेत मांडते. जनसंपर्क सल्लागाराने संस्थेचे म्हणणे लोकांना सांगावे, तसेच लोकांचे म्हणणे संस्थेलाही समजावून द्यावे, म्हणजे वाट दुहेरी हवी. विचार उत्तम, त्याच्या कर्त्याने मात्र १९२९ साली ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले. वृत्तपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची बातमी म्हणून छापली. पडद्यामागे उभ्या असलेल्या सिगारेट कंपनीचे नाव वाचकांना कळले नाही.

१९३३ साली एका पत्रकाराकडून बर्नेज यांना समजले की, नाझी प्रचारमंत्री गोबेल्स आपले हेच पुस्तक वापरतो आहे. बर्नेज ज्यू होते. ही हकिकत त्यांनी १९६५ च्या आत्मचरित्रात स्वतः नोंदवली आहे.

पुढे त्यांनी धूम्रपानविरोधी मोहिमेला हात दिला. डॉक्टर-वकिलांप्रमाणे जनसंपर्काच्या व्यवसायालाही सरकारी परवाना असावा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. १९९५ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी ते वारले, तोपर्यंत ती मान्य झालेली नव्हती. अमेरिकेत हा व्यवसाय करायला आजही परवाना लागत नाही.