हृदयातली चोरवाट

सोलापुरात सात रस्त्यावर पोहोचल्यावर रिक्षावाल्याला नुसतं ‘सरळ घ्या’ म्हणून भागत नाही. सरळ म्हणजे नेमकं कुठे, तेही सांगावं लागतं. हृदयात असा घोळ नसतो. वरच्या कप्प्यांतली वीज खाली उतरायला तिथे एकच अधिकृत वाट आहे, एव्ही नोडची. काही जणांत मात्र जन्मापासून एक चोरवाट राहून गेलेली असते. मग वीज एका वाटेने उतरते, दुसरीने वर चढते आणि तिथल्या तिथे प्रदक्षिणा घालत बसते. नाडी मिनिटाला दीडशे-दोनशेवर जाते.

वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये अशा रुग्णांच्या ईसीजीचं वर्णन केलं. इलाज हाती यायला मात्र १९६८ उजाडलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका कोळ्याची छाती उघडून ती चोरवाट सुरीने कापली.

छाती न उघडता तेच काम करण्याची युक्ती एका अपघातातून सुचली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एका रुग्णाच्या हृदयात तपासणीची तार होती. बाहेरून शॉक देताना ती वीज या तारेतून आत उतरली आणि एव्ही नोडची वाटच बंद पडली. झालेलं नुकसान ठरवून करता येईल का? सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी १९८१ मध्ये रुग्णावर ते करून दाखवलं. पण थेट विद्युतझटका हे काम आडदांडच होतं.

त्याला नेमकेपणा दिला रेडिओलहरींनी. त्यांचं कूळ जुनं: शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला वापरतात त्या कॉटरीचं. बोव्ही यांचं ते यंत्र मेंदूचे शल्यविशारद कुशिंग यांनी १९२६ मध्येच वापरायला घेतलं होतं. १९९१ मध्ये ओक्लाहोमा आणि मिशिगन इथल्या दोन गटांचे यशस्वी अहवाल एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि सुरीचे दिवस सरले. जांघेतल्या शिरेतून तारा वर जातात, बहुधा रुग्ण जागाच असतो, टोकाशी पन्नास-साठ अंश उष्णता होते आणि काही मिलिमीटरचा ठिपका भाजला जातो. यालाच ॲब्लेशन म्हणतात. लॅटिन मुळात अर्थ ‘काढून नेणं’.

पण त्या ठिपक्याबरोबर आणखीही काही भाजलं जात होतं. ते कळायला आधी नाडीची चाल पाहायला हवी.

नाडी मिनिटाला ७५ असली म्हणून प्रत्येक ठोका बरोबर ०.८० सेकंदाने पडत नाही. एक अंतर ०.७८, पुढचं ०.८४, मग ०.८०, असं चालतं. श्वास घेताना गती वाढते, सोडताना उतरते. जर्मनीत कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच हे आलेखावर टिपलं होतं. हा चढउतार म्हणजेच एचआरव्ही. त्यातला श्वासाबरोबर हलणारा भाग मुख्यतः व्हेगस मज्जातंतूच्या लगामामुळे असतो. दिवसभराचे ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र आल्यावर तो मोजणं सोपं झालं. त्याचे जनक नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर वाहून न्यावं लागे आणि वजन भरे ३८ किलोच्या आसपास.

चोरवाट बंद झालेल्या काही रुग्णांची नाडी विश्रांतीतही वाढलेली दिसू लागली. धडधडीचा आजार तर गेला होता! बोस्टनमध्ये कोकोविच आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याचा उलगडा केला. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या खालच्या भागातून व्हेगसचे तंतू नाडीची गती ठरवणाऱ्या सायनस नोडकडे जातात. तिथे भाजल्यावर लगाम सैल पडतो: गती वाढते, चढउतार घटतो. बहुतेकांत हा परिणाम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो.

गंमत अशी, की या दुष्परिणामातूनच पुढे एक उपचार जन्मला. काहींना व्हेगसचा लगाम अचानक आवळला गेल्याने भोवळ येते, नाडी थांबल्यासारखी होते. ब्राझीलच्या पाशोन यांनी २००५ मध्ये मुद्दाम तेच तंतू भाजण्याची पद्धत मांडली. तिला कार्डिओन्यूरोॲब्लेशन म्हणतात. तिथे एचआरव्हीची घसरण ही काम साधल्याची खूण ठरते.

आता हा आकडा मनगटावरच्या घड्याळातही दिसतो. ॲब्लेशननंतर सुरुवातीच्या आठवड्यांत तो घसरला, तर तेवढ्यावरून उपचार फसला असं समजू नये. पूर्वीसारखी एकाएकी धडधड उठली, तर मात्र घड्याळ बाजूला ठेवून ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्यावा.