सुमित्रा भावे : स्वतंत्र वाटेची दिग्दर्शिका

सुमित्रा भावे (१२ जानेवारी १९४३ – १९ एप्रिल २०२१) : मराठी चित्रपट-दिग्दर्शिका व पटकथाकार. जन्म व निधन पुण्यात. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. समाजकार्याचे अध्यापन व संशोधन करीत असताना त्या या माध्यमाकडे वळल्या. ‘बाई’ (१९८५) या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

पुढे सुनील सुकथनकर यांच्यासमवेत त्यांनी ‘दोघी’ (१९९५), ‘दहावी फ’ आणि ‘वास्तुपुरुष’ (२००२) हे चित्रपट दिग्दर्शित केले. व्यावसायिक चित्रपट सहसा टाळतो असे विषय त्यांनी निवडले : ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया, ‘अस्तु’मध्ये (२०१३) स्मृतिभ्रंश. कोकण किनाऱ्यावर घडणाऱ्या ‘कासव’मध्ये नैराश्याने खचलेला तरुण आहे, त्याच्या कथेला समुद्री कासवांच्या संवर्धनाची जोड आहे. मोरजी-गालजीबागच्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी जपणाऱ्या गोव्याला हे रूपक परके वाटू नये. या चित्रपटाने २०१६ चे सुवर्णकमळ पटकावले. हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट.

दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरील ‘दिठी’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तो प्रेक्षकांसमोर आला मे २०२१ मध्ये, ऑनलाइन मंचावर. तेव्हा त्यांच्या निधनाला महिना लोटला होता.