लाफ्लेशचा विद्यार्थी आणि वेदीचे कोडे

घरातील मुले दहावीला पोहोचली की त्यांच्या भूमितीत निर्देशकांचे प्रकरण येते. दोन अक्ष, त्यांच्या छेदावर आरंभबिंदू आणि कागदावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे दोन संख्यांची एक जोडी. मुले ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. ह्या प्रकरणाच्या जडणघडणीत ख्रिस्तसभेच्या शाळांचा व मठांचा मोठा वाटा आहे. तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

चौदाव्या शतकात पॅरिस येथे निकोल ओरेम ह्यांनी गतीसारखी बदलती राशी चित्रात दाखवली. आडव्या रेषेवर काळ आणि तिच्यावर उभारलेल्या उभ्या रेषांत वेग, अशी ती मांडणी होती. हेच ओरेम १३७७ साली लिझ्यूचे बिशप झाले. त्यांच्यापाशी चित्र होते, पण समीकरण नव्हते.

समीकरणाची विद्या शाळांत रुजवण्यासाठी झटले ते रोमच्या महाविद्यालयातील येशूसंघीय फादर क्रिस्टोफर क्लावियस. १५८२ च्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेमागचे गणिती तेच. त्यांचे शिष्य फादर मात्तेओ रिच्ची १५७८ साली गोव्यास उतरले आणि पुढे चीनला जाऊन त्यांनी युक्लिडच्या पहिल्या सहा ग्रंथांचे चिनी भाषांतर सिद्ध केले. ते १६०७ साली छापले गेले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लाफ्लेश येथील येशूसंघीय विद्यालयात रने देकार्त नावाचा एक मुलगा शिकत होता. बीजगणितात आपल्याला क्लावियस ह्यांच्या ग्रंथाखेरीज दुसरा गुरू नव्हता, असे त्याने १६४६ साली एका इंग्रज गणितज्ञाला सांगितले.

१६३७ साली हॉलंडमधील लायडन येथे देकार्तचा ‘पद्धतीविषयी विवेचन’ हा ग्रंथ फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. त्याला जोडलेल्या तीन निबंधांपैकी शेवटचा ‘भूमिती’. अज्ञात राशींसाठी वर्णमालेतील शेवटची अक्षरे घेण्याची रीत ह्याच निबंधाने रूढ केली. आपण मराठीत क्ष आणि य घेतो. दोन काटकोनी अक्षांची आजची सुबक आकृती मात्र त्यात शोधू नये; ती पुढच्या पिढ्यांनी घडवली. निबंध वाचायलाही सोपा नाही, आणि आमच्या मते देकार्तला तो सोपा करायचाच नव्हता.

मर्म एका उदाहरणाने सांगतो. क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर २५, हे आरंभबिंदूभोवती ५ त्रिज्येचे वर्तुळ. य बरोबर क्ष अधिक १, ही एक तिरपी रेषा. दोघांची भेट कोठे होते? कंपास हाती न घेता रेषेतील य वर्तुळाच्या समीकरणात ठेवावा. क्षचा वर्ग अधिक क्ष बरोबर १२ असे उरते. म्हणून क्ष एक तर ३, नाही तर उणे ४. भेटीचे बिंदू (३, ४) आणि (उणे ४, उणे ३). उणे उत्तरांना देकार्त ‘खोटी मुळे’ म्हणे. आजचे शिक्षक तसे म्हणणार नाहीत.

पण देकार्तची खरी झेप ह्याहून मोठी आहे. ग्रीकांची एक आख्यायिका अशी : देलोस बेटावर रोगराई पसरली तेव्हा देववाणी झाली की, घनाकार वेदी दुप्पट करा. बाजू दुप्पट केली तर वेदी आठपट होते. हवे होते २ चे घनमूळ, आणि केवळ पट्टी व कंपास ह्यांनी ते काढता येत नाही. पण हे अशक्यत्व सिद्ध व्हायला १८३७ साल उजाडले. ते वान्त्झेल ह्या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले. ग्रीकांपैकी मेनाइख्मोसने शंकुच्छेदांची वक्रे वापरून कोडे सोडवले होते. देकार्तने दाखवले की एक अन्वस्त आणि एक वर्तुळ पुरे.

आजच्या लेखनपद्धतीत सांगायचे तर, य बरोबर क्षचा वर्ग, हे अन्वस्त घ्यावे. आरंभबिंदूतून जाणारे, (१, अर्धा) हे केंद्र असलेले वर्तुळ काढावे. त्याचे समीकरण क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर २ क्ष अधिक य. यच्या जागी क्षचा वर्ग ठेवला की दोन्ही बाजूंचा क्षचा वर्ग निघून जातो आणि उरते, क्षचा चौथा घात बरोबर २ क्ष. एक छेदबिंदू आरंभबिंदूच. दुसऱ्याशी क्षचा घन २, म्हणजे क्ष सुमारे १.२६ आणि य सुमारे १.५९. वेदीची नवी बाजू जुनीच्या १.२६ पट. कागद-पेन्सिल असणाऱ्या कोणत्याही मुलाने हे पडताळून पाहावे.

हेच तत्त्व तुलूझच्या न्यायसभेतील प्येर द फेर्माने स्वतंत्रपणे शोधले होते. त्याचे लिखाण त्याच्या हयातीत छापले गेले नाही. १६७९ साली निघाले. तोवर ते हस्तलिखितातून फिरले. फेर्मा आणि देकार्त ह्यांच्यातला पत्रव्यवहार, आणि कडाक्याचे भांडणही, ज्यांच्या हातून गेले ते फादर मारँ मर्सेन, मिनिम संघाचे संन्यासी. तेही लाफ्लेशचेच विद्यार्थी. १६४८ साली त्यांचे निधन झाले.

ह्या कथेची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाल्याचे कळताच देकार्तने विश्वावरचा आपला ग्रंथ मागे ठेवला. १६६३ साली रोमने त्याचे तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ ‘दुरुस्त होईपर्यंत’ निषिद्ध सूचीत घातले. ज्या सभेच्या शाळेने त्याला बीजगणिताची गोडी लावली तिच्याच दप्तरात त्याचे नाव असे नोंदले गेले. ही सूची १९६६ पर्यंत अमलात होती.

देकार्त १६५० साली स्टॉकहोम येथे वारला, आणि मरेपर्यंत कॅथलिक राहिला. ल्यूथरपंथी देशात त्या काळी कॅथलिकाला जागा मिळणे अवघड, म्हणून त्याचे दफन अनाथ मुलांच्या दफनभूमीत झाले. १६६६ साली त्याच्या अस्थी उकरून फ्रान्सकडे नेण्यात आल्या. पुढच्या वर्षी पॅरिसच्या संत जेनेव्हिएव्हच्या मंदिरात त्यांचे विधिपूर्वक दफन झाले; परंतु त्या प्रसंगी व्हावयाचे गौरवपर भाषण राजाज्ञेने ऐनवेळी बंद ठेवण्यात आले.