हरणाची शिकार : रीत आणि मर्यादा
(लातूर-नांदेड प्रदेशाच्या संदर्भात एक टिपण)

शिकारीचा इतिहास लिहिताना राजदरबारची मृगया तेवढी डोळ्यांसमोर ठेवण्याचा आपला प्रघात आहे. तिच्यात वैभव होते, ग्रंथरचना होती. म्हणून संयमही तिच्यातच असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत टिपणात हे गृहीत तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करणे इष्ट होय. लोकभाषेत ‘हरिण’ या एकाच नावात अनेक प्राणी येतात. चितळ व सांबर हे किनवट-माहूरकडील वनांचे. त्यांची शिंगे गळतात व पुन्हा उगवतात. काळवीट व चिंकारा हे उघड्या माळरानाचे. ते कुरंगवर्गातील असून त्यांची शिंगे गळत नाहीत. येथील विवेचन मुख्यतः काळविटाविषयी आहे.

लातूरच्या शेजारी असलेले कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही उत्तर चालुक्यांची राजधानी. तेथे तिसऱ्या सोमेश्वराने (इ. स. ११२७ ते ११३८) रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेला स्थान दिलेले असून चित्त्याकरवी करावयाच्या शिकारीचेही वर्णन आहे. ही परंपरा पुढे दीर्घकाळ टिकली. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूर संस्थानाने विसाव्या शतकात आफ्रिकेतून चित्ते आणवून काळविटाची शिकार चालू ठेवली. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. शिकारीचे साधनच शिकारीबरोबर संपले, असे हे विलक्षण उदाहरण आहे.

दुसरी परंपरा फासेपारध्यांची. या जमातीचे नावच तिच्या साधनावरून पडले आहे. तात किंवा दोरीचे फास खुंट्यांच्या आधाराने हरणांच्या वाटेवर ओळीने मांडावयाचे आणि कळपाला हळूहळू त्या दिशेने वळवावयाचे, ही त्यांची रीत. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाणे ही दुसरी युक्ती. चरणाऱ्या गुराला हरिण बुजत नाही, या निरीक्षणावर ती उभी आहे. पाळीव हरणाच्या शिंगांना जाळे बांधून त्याच्याकरवी रानातला नर अडकविण्याच्या प्रकाराचे वर्णन तर अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’तही येते. या साऱ्या तयारीत शस्त्रापेक्षा प्राण्याच्या स्वभावाचे ज्ञान अधिक लागते, हे उघड आहे.

आता नीतीचा प्रश्न. मनुस्मृतीने मृगयेची गणना राजाच्या कामज व्यसनांत केली आहे. महाभारताच्या आदिपर्वात मृगरूपाने रममाण झालेल्या किंदम ऋषीला पंडू बाण मारतो व शापित होतो. तेथे ऋषीचा आक्षेप मृगवधाला नाही, राजाने वेळ पाहिली नाही याला आहे. ग्रंथांत मर्यादा होती. परंतु ती राजाच्या विवेकावर सोपविलेली होती.

याउलट माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा अभ्यास केला, तेव्हा फासेपारध्यांनी आपला पूर्वापार नियम सांगितला : फाशात सापडलेली गाभण मादी वा पाडस सोडून द्यावयाचे. ही साक्ष जमातीने स्वतःविषयी दिलेली आहे, हे विसरून चालणार नाही. तथापि साधनाकडे पाहता ती विश्वसनीय वाटते. फाशात जनावर जिवंत हाती येते. ठेवावे की सोडावे, हा निर्णय त्यानंतर घेता येतो. सुटलेल्या चित्त्याला किंवा झाडलेल्या गोळीला माघारी बोलाविता येत नाही. शिवाय ज्याला पुढील वर्षी त्याच माळावर पोट भरावयाचे आहे, त्याला मादी राखण्यात स्वार्थही आहे. येथे नीती साधनाच्या आणि उपजीविकेच्या पोटी जन्मली, असे म्हणावे लागते.

बंदूक आणि जीप यांनी हे गणित मोडले. दुसऱ्या महायुद्धानंतर रात्री दिव्याच्या झोतात कळप टिपणे सोपे झाले आणि माळरानेही नांगराखाली जाऊ लागली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, ते अत्यावश्यकच होते. पण दोषाची वाटणी समान झाली नाही. राजांच्या शिकारीची छायाचित्रे संग्रहालयांत गेली. ज्या पारध्यांवर ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या कायद्याच्या परंपरेतून गुन्हेगारीचा शिक्का बसला होता, त्यांचा शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला जाऊनही लोकमनातून गेला नाही.

आज शिकारीचे समर्थन करण्याचे कारण नाही, आणि पिकात उतरणाऱ्या कळपांमुळे त्रस्त झालेल्या शेतकऱ्याचा प्रश्नही जुन्या फाशांनी सुटणार नाही. परंतु हरिण कोणी संपविले, याचा निवाडा इतिहासकाराने करावयाचा असेल, तर कोणाच्या हाती कोणते साधन होते आणि ते थांबविणे त्याला शक्य होते काय, हे त्याने आधी विचारले पाहिजे.