झाप्रुडर फितीची मूळ प्रत व तिचे मुद्रित पाठ

चौकाचौकांतील सीसीटीव्ही कॅमेरे व वाटसरूंच्या हातांतील मोबाइल यांमुळें पुढील इतिहासकारास साधनांची वाण पडणार नाहीं, असें पुष्कळांचें म्हणणें आहे. तें आम्हांस मान्य आहे. परंतु चित्र हें स्वयंसिद्ध प्रमाण, त्यास पाठचिकित्सा नको, हा समज मान्य नाहीं. नागरिकानें सहज घेतलेल्या व पुढें अत्यंत छाननी झालेल्या एका फितीचा वृत्तांत यासाठींच येथें देतों.

ता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं अमेरिकेंत डॅलस शहरीं अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. त्या वेळीं आब्राहम झाप्रुडर हे कपड्यांचे कारखानदार घरगुती ८ मि. मी. कॅमेऱ्यानें मिरवणुकीचें चित्रण करीत होते. फीत सुमारें २६ सेकंदांची, चित्रें ४८६. त्याच दिवशीं तिच्या तीन नकला झाल्या. दोन सीक्रेट सर्व्हिसकडे गेल्या; मूळ प्रत 'लाइफ' साप्ताहिकानें विकत घेतली. परंतु नकला मुळाबरहुकूम नव्हत्या. फितीच्या कडेस जीं भोकें असतात, त्यांमधील जागेंतही मुळांत चित्र उमटलें होतें. नकलांत तें उतरलें नाहीं. समासांतला मजकूर गाळणारे नक्कलकार बाडें चाळणारांस अपरिचित नाहींत!

पुढें 'लाइफ'कडे असतां मूळ प्रतच दुखावली व २०८ ते २११ हीं चार चित्रें गेलीं. सुदैवानें तीं नकलांत राहिलीं. याहून गंभीर प्रमाद छपाईंत घडला. वॉरन आयोगाच्या १९६४ सालच्या पुराव्याच्या खंडांत ३१४ व ३१५ या चित्रांची अदलाबदल झाली. डोक्यास गोळी लागल्याचें दिसतें तें ३१३ वें चित्र. म्हणजे गोळीनंतर डोकें कोणीकडे गेलें, या वादाचा निर्णय जेथें व्हावयाचा, नेमकीं तेथेंच पत्रें उलटीं लागलीं. ही छापण्याची चूक, असें एफ्. बी. आय्. चे प्रमुख हूवर यांनीं १९६५ त कळविलें. ज्यांस कट दिसत होता त्यांचें समाधान झालें नाहीं, व त्यांस सर्वस्वीं दोष देववत नाहीं. कारण देशभरच्या दूरचित्रवाणीवर ही फीत १९७५ पर्यंत दाखविलीच गेली नव्हती. तोंवर लोकांपुढें बहुतांशीं मुद्रित पाठच होता.

१९९९ त लवादानें मूळ फितीबद्दल सरकारनें १ कोटि ६० लक्ष डॉलर द्यावे असें ठरविलें. नकला असतां एवढी रक्कम कशास, असें विचारणाऱ्यानें भोकांमधील चित्र आठवावें.

आजच्या साधनांची स्थिति अधिक नाजूक आहे. सीसीटीव्हीचें यंत्र ठराविक मुदतीनंतर जुन्यावर नवें चित्रण चढवितें. मोबाइलवरील चित्रण संदेशांतून हातोहात फिरतांना बहुधा आक्रसतें व त्याची तारीख-वेळेची मूळ नोंद गळते. ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत प्रमाणपत्रावर फाइलीचें हॅश मूल्य नोंदविण्याची योजना आहे. त्यायोगें फाइलींत मागाहून झालेला फेरफार उघड होतो. मात्र ती फाइल तत्पूर्वीं किती हात फिरून आली, हें त्यावरून कळत नाहीं. सबब संग्राहकांनीं असें चित्रण मिळतांच तें प्रथम कोणत्या यंत्रावर घेतलें व कोणाकडून कोणाकडे आलें, हें सोबत लिहून ठेवावें.