शोधसुलभतेचे मूल्यमापन

एखाद्या संकेतस्थळावर माहितीच्या शोधात आलेल्या वापरकर्त्याला हवी ती माहिती कितपत अचूकपणे, किती वेळात आणि किती श्रमाने सापडते, हे पद्धतशीरपणे तपासण्याची प्रक्रिया. तिची मुळे ग्रंथालयशास्त्रात आहेत. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथील विमानविद्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून निर्देशनपद्धतींची तुलना करणारे प्रयोग केले. त्यांपैकी दुसऱ्या प्रयोगात वायुगतिकीसंबंधीच्या १,४०० लेखांचा संग्रह घेऊन, ज्या संशोधकांचे प्रश्न होते त्यांच्याकडूनच समर्पक लेख ठरवून घेण्यात आले. या परंपरेत दोन मापे रूढ झाली: समोर आलेल्या निकालांतील समर्पक निकालांचे प्रमाण म्हणजे ‘अचूकता’, तर संग्रहातील एकूण समर्पक मजकुरापैकी हाती लागलेल्याचे प्रमाण म्हणजे ‘समावेशकता’. एक वाढवू गेल्यास दुसरे बहुधा घटते.

ही मापे यंत्रणेची परीक्षा घेतात, माणसाची अडचण मात्र त्यांत उमटत नाही. म्हणून वापरकर्त्याला ठरावीक काम देऊन त्याचे निरीक्षण केले जाते, आणि शोधपेटीत टंकलेल्या शब्दांच्या नोंदी तपासल्या जातात. त्यांतही एकही निकाल न मिळालेल्या शोधांची यादी सर्वांत बोलकी असते, कारण संपादकांचे शब्द आणि वाचकांचे शब्द कोठे जुळत नाहीत ते तिच्यातूनच उघड होते.

मराठीत ही परीक्षा अधिक कठीण ठरते. ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘पुण्यातील’, ‘पुण्याहून’ अशी रूपे असलेली पानेही मिळावी लागतात. ऱ्हस्व-दीर्घाचे भेद पोटात घ्यावे लागतात. शिवाय ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन निराळ्या संकेतक्रमांनी टंकता येत असल्याने, डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला दोन वाटू शकतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फायर’ या भारतीय उपक्रमाने बंगाली, हिंदी यांच्याबरोबर मराठी वृत्तपत्रीय मजकुराचेही चाचणीसंग्रह उपलब्ध केल्यामुळे अशा प्रश्नांचा तुलनात्मक अभ्यास शक्य झाला.

अनेक संकेतस्थळांवरील शासननिर्णय किंवा जुने अंक केवळ छायाप्रतींच्या स्वरूपात असतात. अक्षरओळख केलेली नसेल तर त्यांतील मजकूर शोधयंत्रणेला दिसतच नाही, आणि केवळ मिळालेले निकाल तपासणाऱ्याला ही उणीव कळतही नाही. त्यामुळे संकेतस्थळावर निश्चितपणे असलेली काही पाने आधी निवडून, सामान्य वाचकाच्या शब्दांनी त्यांच्यापर्यंत पोचता येते का, हे उलट बाजूने पाहावे लागते.